बॉक्सजवळची खुर्ची

नाही काकू, इथेच ठीक आहे. — हो, स्पीकरचा बॉक्स जवळ आहे, दिसतोय मला. मागे खुर्च्या रिकाम्या आहेत तेही दिसतंय. — कानात घालायचा कापूस तुम्हीच ठेवा, माझ्या लेकीला लागत नाही, आदत आहे तिला, ड्रमवाल्याची पोर आहे ना. ते स्टेजवर मागे बसलेत, पिवळा टी-शर्ट, केस बांधलेले — आमचे हे. गिटारवाला विक्रांत तुमचाच ना? मला वाटलंच, मराठीत ओरडलात त्याला, स्वेटर घाल म्हणून. घरी येतो तो आमच्या, हर्षलभैया हर्षलभैया करत. — आधीचे दोन्ही बँड बघितले मी. इंदूरचे होते, मग भोपाळचे. काय गात होते ते काही समजलं नाही, पण बसून राहिले. काल पण बसले होते. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोरीला थंडीत नानाखेड्याच्या मैदानावर कशाला नेतेस — मी म्हटलं, हे इतकी वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांच्या मागे वाजवत आले, आज स्वतःचा बँड आहे, पोरीने यायला नको?

शर्वरी नाव आहे. आत्ताआत्ता बसायला लागली. — हो, शांत आहे. सगळे हेच म्हणतात. देवास गेटला आमची एकच खोली, ड्रम तिथेच, हिची झोळी तिथेच. हे तासन्‌तास वाजवतात, शेजारचे भिंत ठोकतात, ही आपली झोपलेली. यांनी व्हिडिओ काढला ना — इकडे हे धडाधड वाजवताहेत आणि मागे झोळीतून हिचा पाय लटकतोय — सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना पाठवला. बघा, पोटातूनच ताल शिकून आलीय, म्हणे. — श्रावणात महाकालाची सवारी बघायला गेलो होतो. सवारीच्या पुढे तोफेसारखी कडाबीन उडवतात, तो धमाका कसा असतो तुम्हाला माहीत आहे, गल्लीतली सगळी लेकरं रडायला लागली. ही माझ्या खांद्यावर, कोणाच्या तरी टोपीची झालर बघत होती. सासूबाईंनी तिथल्या तिथे कपाळाला अंगारा लावला — देवाचं लेकरू आहे, भीती म्हणून नाही हिला. मला पण बरं वाटलं. का नाही वाटणार? दुसऱ्यांची पोरं कुकरच्या शिट्टीला दचकतात, आमची नाही दचकत — अशी कौतुकाने सांगत फिरले मी सगळ्यांना.

मग पातेल्यावरचं झाकण पडलं. आत्ता दिवाळीनंतर. हिच्या अगदी पाठीमागे, फरशीवर, गरगर फिरत राहिलं ते किती वेळ. मीच दचकले. ही पायाची बोटं तोंडात घालत होती, तशीच घालत राहिली. — नाही, मोठं झाकण होतं काकू, पितळेचं. मग मी टाळी वाजवली. मग ताट आणि चमचा. मग रोजच, हे बाहेर गेले की. कधी वळायची, मला वाटायचं झालं, उगीच परेशान होत होते — मग लक्षात यायचं, माझी सावली पडली होती समोर. — तेच करायला आले काल. घरातलं ताट ते किती वाजणार? म्हटलं याच्यापेक्षा मोठा आवाज उज्जैनमध्ये मला कुठे मिळणार. म्हणून ही खुर्ची. काल पहिल्याच बँडने सुरू केलं तेव्हा माझ्या छातीत धडधड झाली, दात वाजले. ही जांभई देत होती.

रडत नाहीये मी. रडू येतच नाही, सकाळपासून बघतेय. पोहे केले, हिला तेल लावलं, सगळं केलं. — ही बॉक्सला हात लावून हसते ना, ते थरथरतं म्हणून हसते. सकाळी यांनी पण बघितलं, तालीम चालू असताना, तिथूनच ड्रमच्या काड्या हलवून दाखवल्या मला — बघ, कशी खूश आहे.

इंदूरला मशीन आहे, माहीत आहे. अंगणवाडीच्या दीदी बोलल्या होत्या, कानाला लावून बघतात. पण इंदूरला एकटी कशी जाऊ? जायचं तर यांना सांगायला पाहिजे. आणि सांगितलं की हे पहिलं काय विचारणार — माझ्या ड्रममुळे झालं का? — तुम्ही म्हणता तसंच असेल, जन्मापासून असेल. पण तुम्ही म्हणून काय होणार काकू, मी म्हणून काय होणार. सासूबाई तर म्हणतीलच. आणि हे एकदा ड्रमवर कपडा टाकतील ना, परत काढणार नाहीत, ओळखते मी यांना. म्हणून म्हटलं, आज वाजवून घेऊ दे. आजचा दिवस.

संपलं वाटतं. टाळ्या वाजवा की, तुमचा मुलगा आहे. — हो, हे येतील आता इकडेच. नेहमी मागून येतात आणि हाक मारतात, शरू म्हणून, आणि ही वळते. — वळते, हो. मी वळवते. दुपट्याखालून गुडघा हलवते थोडासा, हिचं तोंड तिकडे होतं. यांना वाटतं आपला आवाज ओळखला. खूप खूश होतात. रोजचं आहे ते, दुकानातून आले की, आंघोळ करून आले की. माझा गुडघा आपोआपच हलतो आता.

आले बघा. — नका, हात नका हलवू त्यांना. ऐका, मारली हाक.

परत मारली.

नाही काकू, नाही हलवणार आज. मारू दे त्यांना हाक. — तुम्ही जा आता. विक्रांत वाट बघत असेल. खरंच जा.