घरात बाई कोण हाय?

मंग काय आता मी लुगडं नेसून जाव का दवाखान्यात? तुमीच सांगा. माही बायको आत, मी बाहेर, अन् मधात दरवाजावर तो वॉचमन, खुर्ची भिताडाले टेकवून बसेल. "काका, लेडीज वार्ड हाय. माणसायले आत मनाई हाय." म्हतलं, बाबू, माणसायले मनाई असन, नवऱ्याले कशी असन? तं म्हणते कसा, "नवरा बी माणूसच होय ना काका." आता याच्यावर काय बोलता? वरून मलेच इचारते, "घरात बाई कोण हाय? तिले पाठवा."

घरात बाई कोण हाय! अरे बाप्पा, घरात बाई एकच, मैनाबाई, अन् तेच तं आत खाटेवर पडेल हाय ना. दुसरी कुठून आणू?

तुमाले सांगतो, मी भगवंतराव, अंजनगावचा. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, अंजनगाव-अमरावती, अमरावती-अकोला, अन् सारी नोकरी केलं काय, तं लेडीज सीटवरून माणसायले उठवलं. "ओ दादा, वाचता येते ना? उठा मंग." दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून वाटे, त्या साऱ्या माणसायचा तळतळाट मले आज एकदम लागून राह्यला.

झालं असं का, मैनाबाई सकाळी चहा गाळून राह्यली होती अन् हातातून भांडं सुटलं. तोंड वाकडं, जीभ जड. लकवा. गाडी केली, अमरावतीले आणलं, जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली अन् गिळणं बिघडलं. डॉक्टरीण म्हणजे पोट्टीच होती, पण बोलली नीट. "आजोबा, लकव्यानंतर घास चुकून श्वासनळीत जातो. छातीत इन्फेक्शन झालं तर जिवावर बेतेल. भरवायची एक पद्धत असते." म्हतलं, सांगा, मी तयार हाय. तिनं माह्या मांगं पाह्यलं, बाजूले पाह्यलं, जसं कोणी मले चिकटून उभं असन, अन् म्हणे, "घरात बाई कोण आहे? त्यांना दाखवते."

मंग व्यायामवाला आला. "घरात बाई कोण आहे? व्यायाम समजावून सांगतो." मंग आहारवाली मॅडम आली. तिनं तं माह्या हातातला डबा पाह्यला, मीच रांधून आणेल डबा, अन् म्हणे, "छान. कोणी केलं? त्यांनाच बोलवा ना." म्हतलं, मीच होय. तं हसली नुसती. म्हणे, "मुलगी नाही का?" हाय ना, आचल, पुण्याले, तान्हं लेकरू घेऊन येऊन गेली बिचारी. "सून?" पोरगंच नाई तं सून कुठून? "मग बहीण, भावजय, शेजारीण?" म्हतलं, मॅडम, शेजारीण लय चांगली हाय, पण तिले तिचा नवरा हाय ना.

तं असं. डबा माहा, बायको माही, अन् आत नेणार वॉचमन. बरं, वॉचमन माणूस नाई काय? तो जाते आत! पण त्याले कोण बोलन, त्याच्याजवळ शिट्टी हाय.

अन् आत भरवे कोण, तं बाजूच्या खाटेवरची एक म्हातारी. चांगली होती हो, मायाळू. पण ते बाई होती म्हणून तिले कोणी इचारलंच नाई का माय, तुले येते का? तिनं मैनाबाईले पाठीवर निजवूनच, मान वर, खिचडीचा हा एवढा चमचा देला तोंडात. मी बाहेर बाकड्यावर. ठसका ऐकू आला. मैनाबाईचा ठसका मी हजारात ओळखीन, पण हा तसा नव्हता, हा थांबेच ना. मी उठलो, खुर्चीले लागलो, वॉचमन खाली, खुर्ची त्याच्यावर, अन् मी आत. तिचं तोंड निळं पडेल. जमुना सिस्टर, वार्डाची मोठी सिस्टर, तिनं धावत येऊन मैनाबाईले उठवून बसवलं, वाकवलं, पाठीवर थापा देल्या, तोंडातलं काढलं, ऑक्सिजनची नळी लावली. श्वास आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा, तिचा पाय धरून.

अन् सिस्टरनं मले पाह्यलं. "तुम्ही आत कसे आलात? घरात बाई कोण आहे?"

भाऊ, तवा माहं डोकसं फिरलं. म्हतलं, सिस्टर, घरात बाई कोणी नाई. घरात मी हाय. चहा मी करीन, वेणी मी घालीन, संडासले मी नेईन, घास मी भरवीन. शिकवाचं असन तं मले शिकवा. नसन शिकवाचं तं हिलेही इथंच ठेवून घ्या अन् मलेही... भरल्या वार्डात रडलो, लपवत नाई. साऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या.

सिस्टरनं हिरवा पडदा ओढला, खाटेच्या भोवताल केला, अन् वॉचमनले म्हणे, "या काकांना जेवणाच्या वेळी आत सोडायचं. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." मंग मले म्हणे, "बुधवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये या. नातेवाइकांचा वर्ग असतो. पेशंटला घरी कसं सांभाळायचं ते शिकवतो."

गेलो बुधवारी. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दारातून पाह्यलं तं साऱ्या बाया. माहं पाऊल आत पडलं अन् सटासट साऱ्यायनं पदर सारखे केले. एक म्हणे, "काका, कोणाले बोलवाचं हाय का?" घ्या, इथं बी तेच! म्हतलं, नाई माय, मी शिकाले आलो. तिनं सिस्टरकडे पाह्यलं, सिस्टरनं मान डोलावली, मंग कोपऱ्यातली खुर्ची भेटली मले.

आता सिस्टर म्हणते, "जोड्या करा. एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं सांभाळायचं." झाल्या पटापट जोड्या. उरलो मी. माह्यासंग जोडी कोण लावन? बरं, मी तरी कोणाले उचलू, लोकायच्या बायायले? सिस्टरनं उलसा विचार केला अन् म्हणे, "काका, तुम्ही टेबलावर आडवे व्हा. सगळ्यांचे पेशंट तुम्हीच."

मंग काय झालं माह्या देहाचं ते इचारू नोका. एकीनं कुशीवर वळवलं, दुसरीनं परत पाठीवर. एकीनं तोंड पुसलं, ओल्या फडक्यानं, कानासकट. कमरेले दुपट्टा बांधून मले बसवलं, उठवलं, खुर्चीवर टाकलं, पुन्हा टेबलावर. अन् साऱ्या बोलून राह्यल्या माह्या डोक्यावरून. "लय जड हाय हो." "पाय धरा यायचे." "दाढी टोचते." म्हतलं, अवो, मी जिता हाय ना! सिस्टर म्हणे, "लकव्याचा पेशंट बोलत नाही, काका."

एक अफसाना म्हणून होती, अकोल्याची, सासऱ्याले लकवा झाला म्हणून येत होती. तिनं केळ कुस्करून भरवलं मले. "चाचा, बैठके खाव. हनुवटी खाली. पहले गिळा, फिर बोला." प्रत्येकीले शिकाचं होतं, तं प्रत्येकीनं भरवलं. केळ खाऊन खाऊन पोट फुटाले आलं माहं. पण खरं सांगू? तिथं टेबलावर बसून खाता खाता एक समजलं. चमचा वरून येते ना, तं दिसत नाई त्यात काय हाय ते. गरम हाय का थंड, गोड हाय का खारं, एकदम तोंडातच. अन् भेव वाटते. एवढ्या मोठ्या माणसाले केळाचं भेव वाटलं. म्हतलं, मैनाबाई इतके रोज हेच सोसून राह्यली, अन् तिले तं बोलताही येत नाई.

तवापासून मी पह्यले चमचा तिच्या डोळ्यापुढं धरतो. म्हणतो, वरण हाय. पालकाचं हाय. मंग हनुवटी खाली, मंग घास. एक घास, गिळला का नाई पाह्यलं, मंग दुसरा. पाच मिनिटाच्या जेवणाले तास लागो, आपल्याले कोणती बस चुकते आता?

घरी आणलं तिले. वेणी घालाले शिकलो, पह्यली वेणी तं बैलाच्या कासऱ्यासारखी झाली. घरी बी तसंच केळ, तसंच वरण, तसाच व्यायाम. अन् एक दिवस मैनाबाईचं पह्यलं साफ बोलणं आलं. मी म्हतलं, आता माहं नाव घेईन. बोलली काय? "मीठ." वरणात मीठ नव्हतं. नाचलो मी, गल्लीभर सांगत सुटलो, "बोलली, बोलली!" बाया म्हणत, "काय बोलली?" म्हतलं, तक्रार केली.

तं आता परवाची गोठ. मी आत पोळ्या लाटून राह्यलो होतो. मैनाबाई पुढच्या खोलीत खुर्चीवर, डाव्या हातानं कप धरून चहा पिऊन राह्यली होती. पातळ चहा बरं का, पातळ लवकर श्वासनळीत जाते म्हणून बंद होतं, डॉक्टरणीनं आता परवानगी देली, पण तिनं घोट घेतला का माहा कान तिकडेच. दारात एक माणूस आला, शेंदूरजनाघाटचा देवराव म्हणे, हातात संत्र्याची पिशवी. त्याच्या मायले लकवा झाला, घरात तो एकटा, अन् जमुना सिस्टरनं त्याले पाठवलं होतं, "अंजनगावले मैनाबाईच्या घरी जा, भरवणं-उचलणं सारं नीट जमते तिथं, शिकून घे." एवढं सांगितलं, पिशवी खाली ठेवली, अन् त्यानं इचारलं काय?

"घरात बाई कोण हाय?"

मी लाटणं हातात धरून तसाच थांबलो. तं मैनाबाई, अडखळत, एक एक शब्द चावत, पण साफ, म्हणते कशी, "बाई... आत हाय. पोळ्या... लाटून राह्यली. बोलावू का?" अन् हसली. तोंडात चहाचा घोट अन् हसली. मी ठसक्याची वाट पाहून राह्यलो... नाई आला. घोट नीट गेला खाली, अन् ते हसूनच राह्यली.

मंग काय करता भाऊ. तव्यावरची पोळी उतरवली, खांद्यावरच्या फडक्याले पीठ पुसलं, अन् गेलो बाहेर. म्हतलं, "मीच ते. या, हात धुऊन घ्या. अन् पह्यले टेबलावर आडवे व्हा."