देव दीड हात वर बसवला

माझा जन्म या नदीकाठचाच, धसईच्या पुढं आमची वाडी, बाप गवंडी, मी पण गवंडी, पावसात भात लावायचा आणि उन्हाळ्यात लोकांची घरं बांधायची, असंच आयुष्य गेलं. काय सांगू तुमाला, नदी म्हणजे आमाला मासे, कपडे आणि भीती. तिच्यात खेळायला कोण जातं? तर आता जातात, फळ्या घेऊन जातात.

वाडीच्या खालच्या अंगाला नदी कातळावरून घसरते आणि तिकडं पावसाळाभर एकाच जागी लाट उभी असते, पुढं सरकत नाय. आमी तिकडं ढोरं पण सोडत नसायचो. पाच-सहा पावसाळ्यांमागं मुंबईची पोरं आली, ती लाट बघून येड्यासारखी नाचायला लागली, बोलली, काका, सर्फिंगला लोक पार समुद्रावर जातात, तुमच्या तर दारात हाय. मला हसायला आलं, समुद्र कुठं नि मुरबाड कुठं. पण मग शनवार-रविवारी गाड्या यायला लागल्या, बायकोच्या तांदळाच्या भाकऱ्या पुरेनात, आणि आमची धाकटी मनीषा, ती बघायला म्हणून गेली ती फळीवरच उभी राहिली. काय उभी राहायची! दोन वर्षांत शहरातल्या माणसांना हीच शिकवायला लागली. छाती फुगायची माझी, खोटं कशाला बोलू.

आता देवाचं सांगतो, त्याच्याबिगर पुढचं कळायचं नाय. काठावर आमचा देव, शेंदूर लावलेला धोंडा, वाडवडिलांनी ठेवलेला. पाणी देवाच्या पायाला लागलं की नदीत कोण उतरायचं नाय, माशाला नाय, ढोरामागं नाय, हा वाडीचा नेम. मनीषा पण फळी काखेत मारून हाक मारायची, बाबा, जाऊ का? मी देवाकडं बघायचो आणि बोलायचो, जा गो. मी बोलल्याबिगर ती पाण्यात पाय घालायची नाय.

मग वाडीनं ठरवलं, एवढी माणसं येतात, देव चिखलात बरा दिसत नाय. भगताला इचारलं, त्यानं तांदूळ बघितले, बोलला, देवाची ना नाय. ओटा मीच बांधला, मजुरी घेतली नाय, देवाचं काम. दीड हात उंच, वर लादी, त्याच्यावर देव बसवला, वाडी जेवली. एवढ्या माणसांत कोणाच्याच डोक्यात आलं नाय. माझ्या पण नाय, ज्याचा जन्म पातळी बघण्यात गेला.

गेल्या श्रावणात सकाळचं पाणी लाल व्हतं, जोरात व्हतं. मनीषा बोलली, बाबा, जाऊ का? मी देवाकडं बघितलं, पाय कोरडे. बोललो, जा गो. लाटेनं तिला उचलली आणि कातळावर आपटली. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या पोरांनी दोरी टाकून बाहेर काढली, खांदा मोडलेला, मांडीत नंतर सळी घालावी लागली. तिला गाडीत घालून नेली आणि मी काठावर देवाला शिव्या देत उभा, बोललो, तुझे पाय कोरडे असताना असं कसं केलंस रे? आणि मग माझी नजर ओट्यावर गेली. माझ्याच हातचा ओटा, अर्धा पाण्यात.

आठ दिवस ओट्याचं कोणाला बोललो नाय. मग दवाखान्यात तिलाच सांगितलं. ती बोलली, बाबा, मी पण देवाकडंच बघितलं व्हतं. एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

देव परत खाली आणायला भगत तयार नाय, एकदा बसवलेला देव उठवायचा नाय बोलतो. म्हणून ओट्यावर, लादीच्या दीड हात खाली, जिथं आधी देवाचे पाय यायचे, तिथं मी तेलरंगाची लाल रेघ मारली. गाड्या अजून येतात. मनीषा पण यंदा परत उतरणार, जरा लंगडते, पण ऐकत नाय. बायको मला बोलते, तुमी नाय बोला, तुमचं ऐकते ती.

आज सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली व्हतं. मनीषा फळी घेऊन आली, बोलली, बाबा, जाऊ का? रेघ तिला दिसते, तरी मलाच इचारते. मी बोलल्याबिगर पाण्यात पाय घालीना. मग मी खाली बसलो, बोटं लावून परत मोजलं, दोनदा मोजलं, आणि बोललो, जा गो माझी बाय, देव तुला सांभाळो. आणि ती बाहेर येईपर्यंत त्या रेघेवरचं बोट उचललं नाय.