मास्तरांचा पायगुण

मास्तर: घे, लागला परत ठसका. उतरव तो टर्बो.

लेक: टर्बो उतरणार नाही, बाबा.

मास्तर: चढ अजून सुरूही झाला नाही आणि गाडी आत्ताच खोकतेय. बाजूला घे. आधी इंडिकेटर दे.

लेक: रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाहीये.

मास्तर: कुत्र्यासाठी नसतो, सवयीसाठी असतो. याच गाडीवर उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी. एकदा तरी खोकली होती का? तू तिच्या नरड्यात तो पंखा कोंबलास आणि तिला दमा लागला.

पाना: मास्तर, मागून एक बोलू?

मास्तर: मेकॅनिकने मागच्या सीटवरून बोलू नये. आणि तू तर मुळीच नाही. तुलाही मीच शिकवलंय, अजून वळताना जीभ बाहेर काढतोस.

पाना: त्याने चांगली वळते.

लेक: बाबा, आपलं ठरलंय. तुम्हाला बाजूला बसवून हा चढ एकदाही मिसिंग न करता, ठसका न लागता चढले, की रविवारच्या शर्यतीला गाडी माझी.

मास्तर: आणि नाही चढलीस तर टर्बो बाहेर, टपावर स्कूलची पाटी आणि पाटीखाली तू. लोकांना क्लच सोडायला शिकवायचं.

लेक: पाटीखाली मी बसणार नाही.

मास्तर: मग चढव की.

पाना: पण बिघाड सापडला तर चढवेल ना. प्लग बदलले, गॅप कमी केला. कॉइल बदलल्या. टर्बोच्या पाइपाला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही आला.

मास्तर: पेट्रोल आहे का बघितलंस?

पाना: ते तुम्ही पहिल्या दिवशीच विचारलंत. तेव्हा अपमान गिळला आणि टाकी भरली.

लेक: मी एकटी चालवते तेव्हा लोण्यासारखी जाते. पाना लॅपटॉप घेऊन बाजूला बसला तरी काही नाही. तुम्ही बसलात आणि मी जोरात घेतली, की ठसका.

मास्तर: म्हणजे माझा पायगुण वाईट.

पाना: आम्हाला वजनाचा संशय होता. म्हणून काल तुमच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बसवल्या. बेल्ट लावून.

मास्तर: माझ्या सीटवर. गोण्या.

लेक: अख्खा चढ चढल्या. मिसिंग नाही, आणि इंडिकेटरबद्दल चकार शब्द नाही.

मास्तर: मग त्यांनाच बाप म्हण.

लेक: विचार आला होता.

पाना: म्हणून आज मी मागे बसलोय. गाडीकडे नाही, तुमच्याकडे बघायला.

मास्तर: माझ्यात काय बिघाड आहे?

पाना: उजवा पाय जरा उचला.

मास्तर: का?

पाना: तिने जोरात घेतली तेव्हा तुम्ही तो मॅटवर दाबलात. गाडी उभी राहिली तरी दाबलेलाच आहे.

मास्तर: मी कुठे काय दाबतोय?

पाना: मॅटला विचारा. खड्डा पडलाय तिला.

लेक: थांबा. बाबा, तिथे तुमचा ब्रेक होता.

मास्तर: होता. शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक. तू काढून टाकलास.

लेक: पेडल काढलं. खालचा लोखंडी खुंट तसाच राहिला. आणि नव्या कॉम्प्युटरची वायर मी त्याच खुंटावरून नेली, मॅटखालून.

पाना: कुठली वायर?

लेक: ठिणगी कधी टाकायची ते सांगणारी.

पाना: वा. जागा छान निवडलीस.

लेक: मी एकटी असते तेव्हा तिथे कुणाचा पाय नसतो. गोण्यांना पाय नसतात. आणि तू लॅपटॉप घेऊन मांडी घालून बसतोस.

पाना: लॅपटॉप मांडीवर ठेवायचा तर मांडी घालायला नको?

लेक: इंजिन परत चालू करते, गाडी न्यूट्रलला आहे. बाबा, दाबा.

मास्तर: दाबतो. पण यात काही अर्थ...

पाना: ठसका.

लेक: सोडा. बघा, सुरळीत. परत दाबा.

पाना: ठसका. पायगुणच निघाला, मास्तर.

लेक: आता सोडा. बाबा. बाबा, सोडा म्हटलं.

मास्तर: थांब जरा. दाबला की अडखळते. सोडला की चालते.

लेक: हो.

मास्तर: म्हणजे माझा ब्रेक अजून चालतो.

लेक: तो ब्रेक नाही, बिघाड आहे. खुंटाने वायरचं कव्हर सोललंय.

मास्तर: पेडल काढलंस, तरी चालतो.

लेक: पाना, टेप दे. वायर दुरुस्त करून डॅशबोर्डच्या मागून नेते.

मास्तर: नको नेऊस.

लेक: का?

मास्तर: तू वळणावर वेग कमी करत नाहीस.

लेक: वळण मला कळतं, बाबा.

मास्तर: सगळ्यांनाच कळतं, फक्त जरा उशिरा. माझा पाय तिथे होता म्हणून कितीतरी लोक आज धडधाकट फिरतायत. त्यातला एक मागे बसलाय.

पाना: हजर.

लेक: त्याचं मान्य. पण मला तुम्हीच पास केलंत ना?

मास्तर: पास केलं. पाय मागे घेतो असं म्हणालो नव्हतो.

लेक: मग ऐका. वायर हलणार, टर्बो राहणार. तुम्ही हवं तेवढं दाबा, गाडी तुमचं ऐकणार नाही.

मास्तर: आणि या पायाला काय सांगू? तो मला विचारून दाबत नाही.

लेक: पाना, ते जुनं पेडल डिकीतच पडलंय ना? दे. खुंटावर परत बसवते. त्यांच्या पायाला हक्काची जागा.

मास्तर: जोडणार कशाला?

लेक: कशालाच नाही.

मास्तर: म्हणजे शोभेचं.

पाना: मास्तर, पोरं मोठी झालेल्या घरात बापाचं म्हणणं असंच असतं. दाबता येतं, जोडलेलं नसतं.

मास्तर: तू उतर.

पाना: उतरतोच आहे. डिकीतून पेडल काढायचंय.

(वायर वरून गेली आहे, पेडल जागेवर बसलं आहे. तिघं पुन्हा गाडीत, गाडी चढाला लागलेली.)

लेक: टर्बोचा जोर येतोय. धरून बसा.

मास्तर: इंडिकेटर.

लेक: रस्ता वळतोय बाबा, मी नाही.

मास्तर: वेग कमी कर. अगं, वेग.

लेक: नाही करणार.

पाना: मास्तरांनी दाबलं.

लेक: ठसका?

पाना: नाही. मास्तर जवळजवळ उभे राहिलेत पेडलवर. गाडीला पत्ताच नाही.

मास्तर: कॉमेंटरी बंद कर.

लेक: अजून दाबताय?

मास्तर: दाबतोय. आणि दाबत राहणार.

लेक: दाबा. आता शेवटचं वळण. आतून घेतेय, बघा.

मास्तर: मी बघतोय. तू बोलू नकोस, समोर बघ.

पाना: मी डोळे मिटलेत, कुणीतरी सांगा नंतर.

लेक: आलो वर. झालं का मिसिंग?

मास्तर: नाही.

लेक: मग रविवारी?

मास्तर: ठरलंय ते ठरलंय. ने.

पाना: एक सांगू? मी डोळे नीट मिटले नव्हते. शेवटच्या वळणाला पेडल मोकळं होतं. मास्तरांचा पाय वर होता.

लेक: बाबा?

मास्तर: पाय आखडला होता.