विहिरीचं शुद्धिपत्र

मी मूळची मोरिवलीची, बुद्धवाड्यातली, वडील शेजारच्याच कंपनीत कामाला, नि मी बारावी झाल्या झाल्या उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या छापखान्यात प्रूफं तपासायला लागले, लग्नपत्रिका, हँडबिलं, काय येईल ते. शेठ म्हणायचा, बेटी, तेरी नजर से चींटी भी नहीं छूटती. तीच नजर नडली, काय सांगू तुम्हाला.

आता बेलवलीत राहते आणि आमच्या इतिहास मंडळाचा वार्षिक अंक बघते. मंडळात सगळी रिटायर्ड माणसं, अध्यक्ष आमचे गुरुजी. गेल्या अंकाला त्यांनी मोरिवलीच्या विहिरीवर लेख दिला, त्यात काय, तर ग्रामस्थांनी विहीर खोदली. माझं डोकंच फिरलं. कुठले ग्रामस्थ? गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते म्हणून आमच्या वाड्याने ती खोदली, वडील नेहमी सांगायचे. मी म्हटलं, गुरुजी, हे लिहायचं आणि खोदणाऱ्यांची नावं टाकायची, नाहीतर लेख राहू दे. गुरुजी दोन दिवस फुगले, तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, आण नावं. मी वाड्यातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांकडे बसून अकरा नावं उतरवून आणली, आजोबांचं पहिलं, चार वेळा तपासली.

अंक आला तशी मिरवत आईकडे गेले. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग मी कुठं गेले? मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, अगं, पुरुष खाली खोदत होते, माती काय आपोआप वर येत होती? माझी हळद उतरली नव्हती, तेव्हा पाटी घेतली डोक्यावर.

बाई संपादक, आणि विचारलं सगळं बाप्यांना.

गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, जमणार नाही, शुद्धिपत्र काढायचं. आईने धडाधड नऊ बायांची नावं सांगितली, चिठ्ठ्या छापल्या, आणि तिच्याच घरात बसून आम्ही एकेका अंकात डिंकाने चिकटवल्या. गुरुजींची बोटं अशी चिकटली की चहाचा कप सुटेना, आई हसून हसून लोळायची बाकी राहिली.

शेवटी तिला अंक दिला तर म्हणाली, तो ठेव तुला, मला चिठ्ठी दे. बुद्धमूर्तीच्या बाजूला भिंतीवर लावलीय, आणि कोणी आलं की तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून सांगते, ही मी. वर मला म्हणते, पोरी, कर अशाच चुका.