‘मी ठीक आहे’ नावाचं बटण

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंचावरील मान्यवर आणि हातातली कामं अर्धवट टाकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या डिझाइनप्रमुख, म्हणजे सगळ्यांच्या ताई. त्यांच्या नोकरी सोडून जाण्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. तरी बोलायला मलाच उभं केलंय. असो.

पाहुण्यांसाठी सांगतो, एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींसाठी आम्ही अ‍ॅप बनवतो. रोज सकाळी पडद्यावर दोन बटणं येतात, ‘मी ठीक आहे’ आणि ‘मदत हवी’. जे दाबाल ते मुलांना कळतं. चष्म्याशिवायही दिसावीत अशी ठसठशीत बटणं ताईंनी काढली. अ‍ॅप लोकांना आवडलं. ताईंचे वडीलही तेच वापरायचे.

मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. फोन हाताशी होता. त्यांनी बटण दाबलं, ‘मी ठीक आहे’! दुपारी शेजारणीनं हाक मारली, तेव्हा कुठे कळलं.

मी पडलो प्रोग्रॅमर. वाटलं, बोट चुकलं असणार; बटणांत अंतर वाढवू, ‘नक्की ना?’ असं पुन्हा विचारू. ताईंबरोबर दवाखान्यात गेलो आणि विचारलं, “काका, चुकून दाबलं गेलं का हो?”

“छे! पोरीची त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग होती. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर?”

आता सांगा, ही चूक दुरुस्त करायची कुठे? कोडमध्ये? बटणाच्या रंगात?

जिना उतरताना मी म्हणालो, “ताई, म्हणजे आपलं डिझाइन फसलं?”

“काय माहीत रे. बाबांना जे कळवायचं होतं ते पोचलं. आणि मी ते वाचून निर्धास्त मीटिंगला बसले.” मग त्या तिथेच पायरीवर बसल्या.

त्यानंतर आम्ही पुष्कळ खटपटी केल्या. तिसरं बटण आणलं, मग काढून टाकलं. आता ताई वडिलांकडे राहायला चालल्यात. “घरून काम करा की,” मी गळ घातली. “आधी नुसतं घरात राहून बघते,” म्हणाल्या. अ‍ॅपचं पुढे काय करायचं, विचारलं, तर नेहमी उत्तर तयार असणाऱ्या आमच्या ताई टेबलाचे खण रिकामे करायला लागल्या.

काल सकाळी माझ्या आईचं ‘मी ठीक आहे’ आलं. मी तिला फोन लावला.

“अरे, बटण दाबलंय की! मग फोन कशाला?”

“सहजच,” म्हणून मी फोन कानाशी धरून राहिलो. तिनंही फोन ठेवला नाही.

ताई, आम्हाला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सभागृहाचेही आभार. बोलण्यात घरचं-दारचं एक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.