चिनी जावयाचा चहा

सन्माननीय अध्यक्ष मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे अण्णा, त्यांच्या सौभाग्यवती आनंदीबाई, आणि कर्जत, खालापूर, नेरळाहून उन्हातान्हातून आलेल्या बंधुभगिनींनो,

शाळामास्तराला बोलायला उभं केलं की तो लांबण लावतो, अशी आमची ख्याती आहे. आज मी ती खोटी ठरवण्याचा प्रयत्न करीन.

अण्णांचं वाणसामानाचं दुकान बंद झालं. परवा ते नाशकास लेकीकडे राहायला जात आहेत. माथेरानच्या बंगल्यांतून उतरणारे साहेबलोक अण्णांच्या चहाची आठवण काढतात, हे आपण अभिमानानं सांगत आलो. चीन देशातल्या उंच डोंगरावरचा, धुक्यात वाढलेला हा ऊलाँग चहा. उकळत्या पाण्यात पान उलगडलं की कडेला तांबूस आणि मध्ये हिरवं दिसतं. वास एखाद्या फुलासारखा. तो या तालुक्यात प्रथम अण्णांनी आणला, असं मानपत्रात लिहिण्याचं आमच्या समितीनं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात अण्णा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तात्या, माझ्या शोधाचं कौतुक करणार असशील, तर तो शोध कसा लागला तेही सांग. नाहीतर मी त्या खुर्चीवर बसणार नाही."

म्हणून सांगतो.

चांगल्या चहासाठी अण्णांनी मुंबईचे बाजार पालथे घातले होते. नाव ऊलाँगचं, आणि आत वापरलेली पानं वाळवून, रंग देऊन भरलेली. अण्णा हात हलवीत परत येत. एकदा भाताच्या खरेदीचं बोलणं करायला ते पोशीर गावी हिरामण नावाच्या शेतकऱ्याकडे गेले. हिरामणची बहीण सुंदरा गौरीला माहेरी आली होती. तिनं पुढं चहा ठेवला. दूध नाही, गूळ नाही. अण्णांनी भिडेखातर घोट घेतला, आणि मग स्वतःहून दुसरा पेला मागितला. (अण्णा कोणाच्या घरी काय प्याले, यावर ज्यांना बोलायचं होतं ते तेव्हाच बोलून मोकळे झाले आहेत.)

सुंदरा मुंबईस कामाला गेली होती आणि तिथं तिनं माझगावच्या एका चिनी सुताराशी संसार मांडला होता. पोशीरकर त्याला चिनी जावई म्हणत. त्याचं खरं नाव काय, हे आपण कोणी विचारलं का? सुंदरा रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि आपल्याला गरज वाटली नाही.

ती अण्णांना म्हणाली, "मालकांचा भाऊ तिकडं डोंगरावर चहाच्या मळ्यात हाय. जहाजावरचे वळखीचे लोक पेट्या आनतात. तुमाला देऊ आमी. पन कुठून येतो ते कुनाला बोलू नका. दलालांना कळलं तर आमचं काय खरं नाय."

अण्णांनी शब्द दिला. काही वर्षं पाळलाही. मग माथेरानच्या एका बंगल्यात मुंबईच्या एका दलालानं तो चहा चाखला आणि चारचौघांत हसून म्हणाला, "कर्जतच्या वाण्याला हा माल मिळणं शक्य नाही. कुठल्या तरी गोदामातून चोरीचा आला असेल."

अण्णांना ते लागलं. चोर म्हटलेलं कोणाला लागणार नाही? त्यांनी तिथंच सुंदराच्या नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला.

त्यानंतरच्या पेट्या धक्क्यावरच अडकल्या. सुताराचं काम सुटलं. दुसरी काही वाट निघते का, हे पाहायला तो भावाकडे जहाजानं निघाला आणि वाटेतच पटकीनं गेला. इकडे दलाल स्वतः अण्णांना चहा धाडू लागला. त्याच डोंगरावरचा. आणि मंडळी, अण्णांनी तो घेतला. दुकानाची भरभराट झाली ती त्यानंतर.

सुंदरा विधवा होऊन पोशीरला परतली. एक दिवस दुकानात आली, उघड्या पेटीतली चिमूट उचलून तिनं हुंगली.

"ह्यो आमचाच हाय ना?"

अण्णा म्हणाले, "होय."

"आता कोन धाडतं?"

अण्णांनी दलालाचं नाव सांगितलं. तिनं चिमूट पेटीत परत टाकली. "मंग त्याला तुमीच सांगितलंत," म्हणाली, आणि निघून गेली. अण्णांनी पुढं धान्य पाठवलं, लुगडं पाठवलं. सारं दारातूनच परत आलं. दलालाचा माल त्यांनी बंद केला आणि त्या दिवसापासून दुकान खालावत गेलं. ते का खालावलं, याचे तर्क आपण सर्वांनी केले. खरं कारण आनंदीबाईंना तेवढं ठाऊक होतं.

मानपत्रातलं ते वाक्य समितीनं काढलं आहे. हा चहा इथं प्रथम आणला तो पोशीरच्या सुंदरानं आणि तिच्या नवऱ्यानं, असं आता त्यात आहे.

हे सांगायला मी काल पोशीरला गेलो होतो. सुंदरानं ऐकून घेतलं. म्हणाली, "येईन मी. माफ कराया नाय येत. आमच्या मालकांबद्दल चार मानसांत चांगलं बोलतात, ते ऐकाया येईन."

ती आली आहे. मागे, दाराशी बसली आहे.

अध्यक्षमहाराजांनी ही हकीकत सांगण्याची मुभा दिली, आपण शांतपणे ऐकलीत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घाला.

आता अण्णा व्यासपीठावरून उतरून सुंदराकडे जातील. ती त्यांच्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. एवढीच विनंती आहे, की त्या वेळी कोणी टाळ्या वाजवू नयेत.