काशीबाईंसाठी वाचलेला पाठ

आदरणीय अध्यक्ष पुंजारामकाका, व्यासपीठावरचे पाहुणे, आमच्या कॅथलिक धर्मग्रामाचे, म्हणजे पॅरिशचे, फादर, आजचे सत्कारमूर्ती पाळक एकनाथसाहेब आणि बोईसरच्या या मंडळीतल्या बंधुभगिनींनो, मागल्या नोव्हेंबरात काशीबाईंच्या स्मरणसभेत मी बायबल उघडलं, आणि त्याच घटकेला माझं सगळं बदललं.

शास्त्रपाठ तू वाच, असं पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीची स्मरणसभा, प्रोटेस्टंट घर. तिथं नवापूरच्या कॅथलिक पोराला एवढा मान कोण देतं? काशीबाईंच्या हातचं मी दोन वर्षं जेवलोय. मृतांसाठी प्रार्थना करावी असं जिथं लिहिलंय, तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला उतारा मी त्यांच्यासाठी काढला. वाचायला लागलो, तर खोलीभर नुसती पानं चाळल्याचा आवाज. तुमच्या शास्त्रात ते पुस्तकच नाही! मला ठाऊक नव्हतं. कॉलेज अर्धं सोडलं आणि शास्त्र जास्तीचं आणलं, असं पुंजारामकाका म्हणाले. खोटं काय त्यात?

तिथं गप्प बसायचं, तर मी भडकलो. तुमच्या लोकांनी पानं काढून टाकली, म्हणालो. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, आम्ही शास्त्रातल्या वचनाखेरीज कुणाचं ऐकत नाही. मी विचारलं, मग कुठलं पुस्तक वचन आणि कुठलं नाही, हे सांगितलं कुणी? ख्रिस्तसभेनंच, म्हणजे चर्चनंच ना? तेव्हा त्यांनी आपल्या मुलीला, जिच्याशी मला लग्न करायचंय त्या हेमांगीला, शेजारी बसवलं.

"सुजीत, उद्या तुझी ख्रिस्तसभा म्हणाली, हिला सोड. सोडशील?"

हो म्हटलं तर हेमांगी गेली. नाही म्हटलं तर मी तुमच्यातलाच झालो, आपल्याला पटेल तेवढंच मानणारा. पाळकसाहेब मान हलवतायत. शास्त्राला पटेल तेवढं, असं म्हणायचंय त्यांना. असो. सहा महिने मी त्या एका प्रश्नात कोंडलोय. फादर म्हणतात, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवीन असा शब्द दे, मग बिशपांकडे मिश्रविवाहाची परवानगी मागू. पाळकसाहेब म्हणतात, असा शब्द द्यावा हे शास्त्रात दाखव. आई म्हणते, "लगीन आपल्या चर्चमधी, नायतर नाय." आणि सोमवारी साहेब निवृत्त होऊन श्रीरामपूरला चाललेत, हेमांगीला घेऊन.

साहेब, उत्तर आणलंय. हिला सोडणार नाही. ख्रिस्तसभाही सोडणार नाही. दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला सांगता येत नाही. परवानगीचा अर्ज टेबलावर ठेवलाय, माझी सही झालीय, तिची जागा रिकामी आहे. हेमांगीनं काय करावं हे फादरनी सांगू नये, तुम्ही सांगू नये, मीही नको. मी समोर असलो की ती माझ्या तोंडाकडे बघते, म्हणून मी बाहेर जातो.

काशीबाईंच्या अन्नाचे आणि तुम्ही दाखवलेल्या धीराचे आभार. शब्द वावगा गेला असेल तर पोटात घाला. माईक ठेवतो. जाताना दार लावून घेतो.